पुठ्ठ्याचा नौपाडा

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

माणसाला छंद लागतो की छंदाला माणूस लागतो, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. नाणी, तिकिटे, शंखशिंपले जमवणारे आपल्या महाविद्यालयात पुष्कळ असतील. माझा छंद त्यांच्या पंक्तीला बसत नाही, कारण तो जमवण्याचा नसून मांडण्याचा आहे. आणि मांडायचे म्हटले की जागा आली. नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात सहा फूट लांब नि तीन फूट रुंद प्लायवूडची फळी बिजागऱ्यांनी भिंतीला टांगलेली असेल आणि ती संध्याकाळी उघडली की स्वयंपाकघरात जायची वाट बंद होत असेल, तर आईने या छंदाला 'अतिक्रमण' म्हणावे यात तिचे काही चुकत नाही.

या फळीवर रेल्वे आहे. मी आठवीत असताना मामाने जर्मनीहून परतताना तिथल्या जुन्या बाजारातून रुळांचा एक संच, एक इंजिन आणि तीन डबे आणले. प्रमाण १:८७. या छंदातले लोक त्याला 'एच. ओ.' म्हणतात. आमच्या आजोबांना समजावून सांगण्यासाठी मी जे कोष्टक केले तेच इथे देते : एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. हे साडेतीनकी पाठ झाली की बाकी सगळे आपोआप सुचते. दहा फुटांचा मजला साडेतीन सेंटिमीटर, साडेपाच फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरला जरासा कमी, आणि आमची वीस फुटांची गल्ली सात सेंटिमीटर. माझा नौपाडा या हिशेबात बसतो.

मामाने रुळांबरोबर दोन तयार घरांचे भागही आणले होते. उभ्या उताराची छपरे, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. बर्फ घसरून पडावा म्हणून केलेली ती छपरे. आमच्याकडे बर्फ पडतो तो उसाच्या रसाच्या दुकानासमोर लादीतून फुटून. ती घरे मी लावून पाहिली आणि काढून ठेवली. पुढे पुण्यास कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय पाहण्याचा योग आला. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांना खुले आहे. तिथल्या धावत्या गाड्या, आपोआप बदलणारे सिग्नल आणि दिव्यांनी उजळणारे ते अख्खे शहर पाहून मी परतले, ते आपल्या फळीवर आपलाच नौपाडा उभा करायचा हे ठरवूनच.

आणि का करू नये? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन निघालेली गाडी एकवीस मैल धावून थांबली ती ठाण्याला. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ती ओढली, हे आपण शाळेत पाठ केलेले आहे. शाळेत सहसा सांगत नाहीत ते असे की, १ मे १८५४ला रूळ कल्याणला पोचेपर्यंत या मार्गाचे शेवटचे स्टेशन ठाणेच होते. नौपाड्याच्या तर पत्त्यातच रेल्वे आहे. इथे 'बी केबिन' नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला एवढे दोन शब्द सांगितले की पुरते. स्टेशनच्या यार्डातल्या केबिनना ए, बी अशी अक्षरे देण्याची रेल्वेची रीत. त्यातले एक अक्षर वस्तीला चिकटले आणि वस्तीचे नाव होऊन बसले.

आता मूळ विषयाकडे वळते. फळीवर घर उभे करायचे म्हणजे थेट रंगवलेले, कौलारलेले, खिडक्यांना गज लावलेले घर करून चिकटवायचे नसते. आधी पुठ्ठ्याचे कच्चे घर करायचे. इंग्रजीत त्याला 'मॉक-अप' म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसते 'खोके' म्हणतात. घराची लांबी, रुंदी, उंची तेवढी खरी. बाकी काही नाही. खिडक्या पेन्सिलीने काढायच्या, छपरावर उंचीचा आकडा लिहायचा आणि खोके जागेवर ठेवून द्यायचे. मग आठवडाभर ते येता-जाता पाहायचे. रूळ नि घर यांच्यामध्ये डब्याला जागा उरते का, एका घरामागे दुसरे झाकले जाते का, गल्ली गल्लीसारखी दिसते का, हे सगळे त्या आठवड्यात कळते. न पटले तर खोके उचलून दुसरीकडे ठेवायचे, नाहीतर ब्लेडने कापायचे. त्याला खर्च नाही आणि त्याचे दुःखही नाही.

पुठ्ठ्यांचेही प्रकार असतात. मिठाईचा खोका वरून गुळगुळीत, त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि चिकटपट्टी दुसऱ्या दिवशी सुटते. शर्टाच्या घडीत निघतो तो पुठ्ठा पातळ, पण कंपाउंडच्या भिंतीला छान. लग्नपत्रिका छपराला उत्तम. वैशाखात आमच्या फळीवर गणपतीची चित्रे असलेली बरीच छपरे होती. कॅलेंडरमागचा पुठ्ठा पुलाला. सर्वांत गुणी तो साडीचा खोका : ताठ असतो, सरळ कापला जातो, अर्धवट चिरा देऊन मुडपला की कोपरा नेटका उतरतो. आईच्या कपाटातले खोके एकेक करून कमी होऊ लागले आणि साड्या पिशव्यांत गेल्या, तेव्हा घरात काही बोलणी झाली. ती इथे छापण्याजोगी नाहीत. एक नियम मात्र मी कटाक्षाने पाळला. कच्च्या घराला फेविकॉल नाही, खळ नाही, रंग नाही. खळीने पुठ्ठा ओला होऊन वाकतो हे एक कारण. दुसरे असे की जे चिकटवले, रंगवले, त्याच्यावर आपला जीव बसतो, आणि मग ते चुकीच्या जागी असले तरी हलवत नाही.

ही रीत आपल्याला अगदीच परकी आहे असेही नाही. दिवाळीत आमच्या इमारतीच्या अंगणात किल्ला होई, तेव्हा माती कालवण्याआधी विटा आणि गोणपाट टाकून बालेकिल्ला कुठे, दरवाजा कुठे, तळे कुठे यावर मुलांची सभा बसे. किल्ल्याचे प्रमाण हा मात्र आनंदच. सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच, आणि त्यांच्या शेजारी पहाऱ्याला प्लास्टिकचा वाघ. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे, आणि वाटूही नये. नाटकवाल्यांची रीत अधिक जवळची. नेपथ्यकार रंगमंचावर सुताराला बोलावण्याआधी पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती करून दिग्दर्शकापुढे ठेवतो. दरवाजा कुठून उघडतो, नट कुठून येतो, शेवटच्या रांगेतल्याला जिना दिसतो का, हे सगळे त्या खोक्यात वाकून पाहिले जाते. मराठी विभागाच्या सरांनी वर्गात हे सांगितले, तेव्हा माझ्या छंदाला एकदम प्रतिष्ठा आल्यासारखे वाटले.

आमचे आजोबा रेल्वेत होते. १९६३ साली लागले आणि २००१ साली निवृत्त झाले. त्यातली बहुतेक वर्षे निरनिराळ्या केबिनमध्ये खटके ओढण्यात गेली. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि मुळातच कमी बोलतात. माझी रेल्वे पहिल्यांदा धावली तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारले : "रूळ अरुंद वाटतात." मी फूटपट्टी घेऊन हिशेब केला. माझ्या रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याचे सत्त्याऐंशी पट म्हणजे युरोपातला १४३५ मिलिमीटरचा मार्ग. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. या प्रमाणात तो एकोणीस मिलिमीटरच्या वर जायला हवा. तीन मिलिमीटरांचा फरक त्यांनी खुर्चीतून, चष्म्याशिवाय पकडला होता.

मात्र पुढे दोन वर्षे त्यांनी फळीत लक्ष घातले नाही. मी केबिनचे खोके केले तेव्हा ते उठले. वरच्या मजल्याला तिन्ही बाजूंनी खिडक्या, बाहेरून जिना, अशी ती नेहमीची दुमजली केबिन. मी ती फलाटाच्या टोकाला ठेवली होती, कारण तिथे ती शोभत होती. आजोबा वाकले. गुडघ्यांमुळे त्यांना वाकायला वेळ लागतो. डोळा केबिनच्या खिडकीच्या रेषेत आणला, माझे तीन डबे वळणावर ढकलायला लावले आणि म्हणाले, "अगं, इथून शेवटचा डबा दिसत नाही."

मग त्यांनी जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते, आणि रोज लोकलने येणाऱ्या तुम्हा-आम्हांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर 'एल. व्ही.' अशी पाटी असते. रात्री तांबडा दिवा. ती पाटी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पुरी आली असे केबिनवाल्याने धरायचे नसते. न जाणो, एखादा डबा सुटून मागे रुळावर उभा असेल! पाटी दिसली म्हणजे मागचा रस्ता मोकळा झाला, आणि तेव्हाच मागल्या स्टेशनाला पुढची गाडी सोडू देता येते. केबिन दुमजली असते ती यासाठी : उभ्या असलेल्या गाडीच्या वरून पलीकडचे दिसावे. खालच्या मजल्यात खटक्यांची यंत्रणा, तारा, दांडे, वर माणूस. सिग्नलचे खटके तांबडे, सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे, आणि जे कामात नाहीत ते पांढरे. "हात तांबड्यावर असला तरी डोळे खिडकीबाहेर पाहिजेत," आजोबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही केबिन पाच वेळा हलवली. शेवटी ती बसली ती फळीच्या एका आडबाजूच्या कोपऱ्यात. दिसायला तिथे तिची काही शोभा नाही, पण तिच्या खिडकीतून वळण आणि फलाट दोन्ही पुरते दिसतात. ती रंगवून, काच बसवून मी आधी आणली असती, तर आजोबांनी "छान झाली" म्हटले असते आणि खुर्चीत जाऊन बसले असते. पाहुण्यांसमोर ते असेच करतात. साडीच्या खोक्याला बोट लावायला त्यांना परवानगी लागली नाही.

त्यानंतर आमच्या घराचा अड्डा झाला. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि "विहीर कुठाय?" म्हणाल्या. आमच्या इमारतीच्या मागे पूर्वी विहीर होती हे मला माहीत होते. कुठे होती यावर काकू आणि दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर यांचे एकमत होईना. काकूंच्या मते आंब्याच्या उजव्या हाताला; मास्तरांच्या मते तिथे आंबा नव्हताच, जांभूळ होते. मी बाटलीचे झाकण विहीर म्हणून दिले. ते झाकण पंधरा दिवस इकडून तिकडे फिरत होते. काकू दुपारी हलवीत, मास्तर रात्री. इतिहासाच्या वर्गात साधनांची चिकित्सा म्हणून जे शिकवतात, ते मला या झाकणाने जास्त नीट शिकवले असे म्हटले तर सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

घरांच्या उंच्या मोजण्याची युक्तीही याच मंडळींत निघाली. टेप घेऊन कोणाच्या गच्चीवरून लोंबकळायची गरज नसते. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या. आमच्याकडे एका मजल्याला वीस पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे मजला दहा फुटांचा. जोते दोन फूट, गच्चीचा कठडा तीन फूट. तळमजला धरून तीन मजली आमची इमारत पस्तीस फूट. फळीवर सव्वाबारा सेंटिमीटर. गोखले रोड आणि राम मारुती रोड यांच्या मधल्या गल्ल्यांतून मी महिनाभर पायऱ्या मोजत हिंडले. दोन ठिकाणी मला सर्व्हेवाली समजून चहा मिळाला.

लांबीचे दुखणे मात्र पायऱ्या मोजून सुटणारे नव्हते. लोकलचा एक डबा अडुसष्ट फुटांच्या आसपास, म्हणजे फळीवर चोवीस सेंटिमीटर. बारा डब्यांची गाडी जवळजवळ तीन मीटर होते, आणि फळी तर पावणेदोन मीटरच्या जरा वर. तेव्हा फलाट कापायचा, गाडी तीन डब्यांची करायची. "ही लोकल नव्हे, लोकलची शेपटी," असे मास्तर म्हणाले. पण किती कापायचे, आणि काय कापायचे नाही, हे ठरवायला खोक्यांचाच आधार. मी एकाच इमारतीची तीन खोकी केली : दहा खिडक्यांचे, सहांचे, चारांचे. सहा खिडक्यांचे ठेवले तरी येणारा प्रत्येक माणूस 'आपली इमारत' ओळखत होता. चारांवर आल्यावर कोणी ओळखेना. लांबी कमी केलेली माणसाचा डोळा चालवून घेतो. दाराची उंची, जिन्याची रुंदी, गल्लीची रुंदी यांत हात घातला की लगेच काहीतरी खोटे वाटू लागते. माणसाचे अंग जिथे लागते ते कापायचे नाही, असा त्यातून मी काढलेला नियम. वळणावरचीही एक गंमत असते. लांब डबा वळताना त्याचे पोट आतल्या बाजूला येते आणि टोके बाहेर जातात; वळणाजवळची सगळी घरे म्हणून आधी पुठ्ठ्याची करायची, सर्वांत लांब डबा हाताने फिरवायचा, आणि जे खोके पडेल ते मागे सरकवायचे.

इथपर्यंत हा छंद होता. पुढे जे घडले त्याला काय म्हणावे मला समजत नाही.

आमची इमारत पुनर्विकासाला जायची हे काही वर्षांपासून चालले होतेच. गळणारी गच्ची, सळ्या दिसणारे छत, लिफ्ट नाही. आजोबा वर्षभर खाली उतरलेले नव्हते. नौपाड्यात हे आता घरोघरी आहे. सकाळी जी इमारत पाहिली तिच्याभोवती संध्याकाळी निळे पत्रे उभे असतात. सभा भरली. बिल्डरकडची माणसे एक मॉडेल घेऊन आली. ते मात्र पाहण्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे. पारदर्शक ॲक्रिलिक, आतून दिवे, हिरवळ, गच्चीवर पोहण्याचा तलाव, खाली इवल्या मोटारी, आणि वर काचेची पेटी. पेटीवर 'कृपया हात लावू नये'. सगळे भोवती उभे राहिले, 'वा' म्हणाले, फोटो काढले आणि खुर्च्यांवर जाऊन बसले. आजोबा पाहुण्यांसमोर जसे करतात, अगदी तसेच. कोणालाही एकही प्रश्न सुचला नाही. मलाही त्या क्षणी सांगता येईना की त्यात काय नाही. घरी येऊन फळी उघडली तेव्हा दिसले : त्यात शेजारच्या इमारती नव्हत्या. गल्ली नव्हती. टॉवर हिरव्या मखमलीवर एकटाच उभा होता.

टॉवरची उंची कागदावर २३० फूट दिली होती. साडेतीनकीने ८०५ मिलिमीटर. साडीचे खोके उभे एकावर एक चिकटपट्टीने जोडले आणि मापात कापले. फळीवरचे आमच्या इमारतीचे सव्वाबारा सेंटिमीटरचे खोके उचलले आणि त्या जागी हा ऐंशी सेंटिमीटरचा खांब ठेवला. आई पदराला हात पुशीत बाहेर आली आणि नुसती बघत राहिली. खोक्यांच्या बाजूंवर दुकानांची नावे, जरीची चित्रे तशीच होती. तरी कोणाला हसू आले नाही.

मास्तर भूगोलाचे. ते दुसऱ्या दिवशी कागदच घेऊन आले. ठाणे उत्तर अक्षांश एकोणीस अंशांवर. बावीस डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर असतो; तेव्हा २३० फुटांच्या वस्तूची सावली उत्तरेकडे सुमारे २१० फूट पडते. फळीवर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. जूनमध्ये मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावलीचा प्रश्नच नसतो. पण जूनमध्ये ऊन हवे असते कोणाला? मास्तरांनी टॉर्च त्या कोनात धरला. उत्तरेकडची दोन खोकी पूर्ण अंधारात गेली. त्यांतल्या एकाच्या कट्ट्यावर थंडीत सकाळपासून जेवणवेळेपर्यंत पाय पसरून बसणाऱ्या आजी त्या वेळी आमच्याच घरात, झाकणाची विहीर बघत बसल्या होत्या. "हे आमचं घर ना?" त्यांनी विचारले. मग म्हणाल्या, "आणि तुमच्या सभेत मला मत नाही."

याला उत्तर नव्हते. आम्हाला लिफ्ट हवी होती. आजोबांना खाली उतरायचे होते. आमच्या घराचे मत पुनर्विकासाच्या बाजूनेच पडणार हे त्याही वेळी घरात सर्वांना ठाऊक होते, आणि तसेच ते पडले.

पुढच्या सभेला आजोबांनी खोकी खाली न्यायला लावली. काकूंनी आणि मी फळीचा तो कोपराच जमिनीवर मांडला. मास्तरांनी पुठ्ठ्याचा एक लांबट ठोकळा आणला होता : अग्निशमन दलाची गाडी, पंचवीस फुटांची, म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. सात सेंटिमीटरच्या गल्लीतून ती नकाशातल्या पंधरा फुटांच्या फाटकात वळवून दाखवा, असे त्यांनी बिल्डरकडच्या मंडळींना सांगितले. गाडी कशीबशी वळली. "आता गाड्या उभ्या करा," मास्तर म्हणाले. गल्लीच्या एका बाजूला मी शर्टाच्या पुठ्ठ्याच्या मोटारी मांडल्या, जशा रोज रात्री असतात तशा. ठोकळा आडवा झाला आणि अडकला. मागे-पुढे करून पाहिला, तरी अडकलेलाच. आणि मग सभेला कंठ फुटला. काचेच्या पेटीसमोर गप्प बसलेली तीच माणसे जमिनीवर उकिडवी बसून खोकी हलवू लागली. फाटक इकडे घ्या, पाण्याची टाकी तिकडे टाका, जिन्याचे तोंड गल्लीकडे नको. एरवी सभेत झोपणारे तळमजल्यावरचे काका हातात लग्नपत्रिकेचे छप्पर घेऊन बोलत होते. बिल्डरचे वास्तुरचनाकार तरुण होते. सुरुवातीला ते हसत होते, मग त्यांनीही बूट काढले, गुडघ्यांवर आले आणि वहीत मापे घेतली. त्यांच्याबद्दल मला चांगलेच म्हणायचे आहे.

सुधारलेल्या नकाशात फाटक दहा फूट आत गेले, रुंदी वीस फूट झाली, कोपऱ्यावरची भिंत तिरपी कापली गेली. टॉवर आहे तेवढाच राहिला. तो कमी करायचा म्हणजे आमचीच घरे लहान होत होती, तेव्हा त्याबद्दल सभेत कोणी अवाक्षर काढले नाही. मास्तरांनीही टॉर्च आणला नव्हता. उत्तरेकडच्या आजींची इमारत अजून उभी आहे. त्यांच्या कट्ट्यावर या डिसेंबरात ऊन होते, कारण आमच्या जागी सध्या खड्डा आहे.

आम्ही नौपाड्यातच, चार गल्ल्या सोडून, भाड्याच्या घरात आहोत. इथे लिफ्ट आहे. आजोबा रोज संध्याकाळी खाली उतरतात आणि जुन्या गल्लीपर्यंत जाऊन येतात. फळी इथेही भिंतीला टांगली आहे. केबिन आता रंगवून पुरी झाली : काचा, बाहेरचा जिना, आत सुईच्या जाडीचे खटके, तांबडे, काळे, निळे आणि दोन पांढरे. फलाट झाला, दोन घरे झाली. आमच्या जुन्या इमारतीचे पक्के मॉडेल करायला मी दोनदा बसले. दोन्ही वेळा आजोबांनी ते खोके हातात घेतले, छपराची लग्नपत्रिका उचलून आत पाहिले आणि पुन्हा फळीवर ठेवून दिले. आत मजल्यांवर काकूंनी पेन्सिलीने बिऱ्हाडांची नावे लिहिली आहेत, १९६६ पासूनची. काही खोडून त्यांवर दुसरी. ती यादी अजून पुरी झालेली नाही. मास्तर त्यांच्या मुलाकडे डोंबिवलीला गेले आहेत, पण फोनवर दुरुस्त्या सांगतात. विहिरीचे झाकण सध्या जांभळाच्या डाव्या हाताला आहे.

टॉवर मोडला. चिकटपट्टी काढली की झाले. आईने खोके सरळ केले आणि साड्या परत त्यांत भरल्या.